वाचकांचे प्रश्न : जुन्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनच्या मोडक्या पट्ट्या

या वेळी फक्त विजेवर चालणाऱ्या, साधारण १९५५ ते १९८५ या काळातल्या ऑर्गनबद्दलची पत्रं घेतली आहेत. संगीत नाटकातल्या पायाच्या ऑर्गनचे प्रश्न पुढच्या वेळी.

प्रश्न : माझ्याकडे ६१ पट्ट्यांचा इटालियन कॉम्बो ऑर्गन (बँडमध्ये वाजवायचा, सहज नेता येणारा ऑर्गन) आहे. मधल्या सप्तकातली एक पांढरी पट्टी मागच्या आकड्यापाशी, म्हणजे ती ऑर्गनला अडकते त्या हुकापाशी, तुटली. फेविक्विकने दोनदा चिकटवली, दोन्ही वेळा आठवड्याभरात निघाली. नेमका कोणता गोंद वापरावा? (वसई)

गोंदाचं नंतर पाहू. आधी पट्टी का तुटली ते शोधा. मागचा आकडा हा पट्टीचा सर्वांत नाजूक भाग असला, तरी नुसत्या वाजवण्याने तो सहसा मोडत नाही. पट्टी खाली आली की ती फेल्टच्या पट्टीवर टेकून थांबायला हवी. ते फेल्ट दबून कागदासारखं पातळ झालं किंवा कसरीने खाल्लं, की पट्टी गरजेपेक्षा खाली जाते आणि बोटाचा सगळा जोर आकड्यावर येतो. दुसरं कारण म्हणजे पट्टी ज्या खुंटीवर सरकते तिचं रबरी किंवा प्लास्टिकचं टोपण कडक होणं. पट्टी अडते, वाजवणारा जोर वाढवतो, आकडा जातो. हे दोन्ही तसंच राहिलं तर कुठलाही गोंद टिकणार नाही. शेजारच्या धड पट्ट्याही रांगेने मोडतील.

तेव्हा आधी शेजारची पट्टी काढून फेल्टची जाडी बघा. दबलेलं फेल्ट दीड मिलिमीटरचं असेल आणि कडेला, जिथे पट्ट्या आपटत नाहीत तिथे, तेच तीन मिलिमीटरचं असेल, तर मूळ जाडी तीन समजा आणि पूर्ण लांबीचं फेल्ट बदला. लोकरीचं दाट फेल्टच घ्या. हस्तकलेच्या दुकानातलं रंगीत ॲक्रिलिक फेल्ट काही महिन्यांत दबतं. चिकटवायला पातळ थर सरसाचा किंवा पांढऱ्या फेव्हिकॉलचा. तोही फक्त कडांना, कारण गोंद फेल्टमध्ये मुरला की ते लाकडासारखं कडक होतं.

आता जोड. फेविक्विकचा थर सरळ ओढीला ताकदवान असतो, पण ठिसूळ. पट्टीच्या आकड्याला मिळतात ते झटके आणि वाकवणारा जोर, आणि त्यात तो काचेसारखा तडकतो. आणखी एक नुकसान लोक लक्षात घेत नाहीत : त्याची वाफ आसपास बसून पांढरट थर धरते. पट्टी जागेवर ठेवूनच चिकटवली असेल तर हा थर कॉन्टॅक्टवरही (पट्टी दाबल्यावर सूर चालू करणाऱ्या धातूच्या टोकांवरही) बसतो आणि सूर बोलायचा बंद होतो. कोणताही जोड पट्टी बाहेर काढूनच करा.

प्लास्टिक कोणतं ते ओळखण्यासाठी पट्टीच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला ॲसिटोनचा एक थेंब काडीने लावा. दहा-पंधरा सेकंदांनी तिथे चिकट लागलं तर प्लास्टिक एबीएस किंवा पॉलिस्टायरीनच्या जातीचं आहे आणि ते विरघळवून जोडता येतं. काहीच झालं नाही तर ते बहुधा ॲसिटाल, नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन. त्यावर कुठलाच गोंद भरवशाने धरत नाही, त्यामुळे पिन किंवा स्क्रूचाच आधार द्यावा लागतो. ॲसिटोन हार्डवेअरच्या किंवा केमिकलच्या दुकानातून शुद्ध घ्या. नेलपॉलिश काढायच्या द्रावणात तेल आणि सुगंध असतो. आणि खिडकी उघडी ठेवून, गॅस-निरांजनापासून दूर काम करा.

एबीएस असेल तर जुना फेविक्विक आधी पूर्ण खरवडून काढा. तुटलेले पृष्ठभाग मात्र पॉलिश पेपरने घासू नका, ते खडबडीत तुकडे एकमेकांत बसणं हेच तुमच्या फायद्याचं आहे. जुन्या कॉम्प्युटर कीबोर्डच्या आवरणावर आतून ‘एबीएस’ असा शिक्का असतो. त्याचे बारीक तुकडे एक भाग आणि ॲसिटोन तीन-चार भाग काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, मधासारखा लगदा होतो. दोन्ही बाजूंना ब्रशने नुसतं ॲसिटोन लावून दहा सेकंद थांबा, मग लगद्याचा पातळ थर, मग दाबून चिमटा. चोवीस तास हात लावायचा नाही.

एवढ्यावर थांबू नका. आकड्याच्या जोडाला खालून धातूचा आधार हवाच. अर्धा मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा, सहा मिलिमीटर रुंद, पंचवीस ते तीस मिलिमीटर लांब कापा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करा आणि पट्टीच्या पोकळीत आतून अराल्डाइटने बसवा. अराल्डाइट चोवीस तासांत घट्ट होणारंच घ्या. पाच मिनिटांतलं लवकर धरतं, पण ताकद कमी. पत्रा बसवण्याआधी कोरडाच ठेवून पट्टी ऑर्गनमध्ये बसवून बघा : खालची खुंटी, स्प्रिंगचा आकडा आणि कॉन्टॅक्ट दाबणारा दांडा या तिघांनाही पत्रा लागता कामा नये. बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. जोड उत्तम होतो, पण पट्टी अर्ध्यावर अडते.

तडा पट्टीच्या अंगात पुढे सरकत असेल तर त्याच्या अगदी टोकाशी एक मिलिमीटरचं भोक पाडा. तडा तिथे थांबतो.

प्रश्न : आमच्या ऑर्गनची एक पांढरी पट्टी हरवलीच आहे. सुटी पट्टी कुठेही मिळत नाही. (कोल्हापूर)

सुटी पट्टी तुमच्याच ऑर्गनमध्ये आहे. सर्वांत खालच्या किंवा सर्वांत वरच्या सप्तकातली त्याच नावाची पट्टी काढून मधल्या जागी बसवा. रिकामी जागा टोकाला गेली की रोजच्या वाजवण्यात अडत नाही, आणि पर्यायी पट्टी सावकाश बनवता येते. टोकाच्या पट्ट्या कमी झिजलेल्या आणि कमी पिवळ्या असतात, त्यामुळे रंगात थोडा फरक दिसेल. तो चालवून घ्या.

अदलाबदल करताना नाव तेच हवं. पांढऱ्या पट्ट्यांचे सात आकार असतात, कारण काळ्या पट्टीसाठीची खाच प्रत्येकीला वेगळ्या जागी असते. पांढरी दोन (D) काढून पांढरी सहाच्या (A) जागी बसवली तर ती शेजारच्या काळीला घासते. शेवटची, सर्वांत वरची पांढरी एक (C) ही तर आठवीच जात. तिच्या उजवीकडे खाच नसते, म्हणून ती दुसरीकडे कुठेच बसत नाही. काळ्या मात्र बऱ्याच मॉडेलमध्ये सगळ्या सारख्या असतात. दुसऱ्या मॉडेलची पट्टी घेणार असाल तर फक्त रुंदी पाहून फसू नका. सप्तकाची रुंदी जवळपास सगळीकडे १६४-१६५ मिलिमीटर असते. फरक असतो तो आकड्यापासून खुंटीपर्यंतच्या अंतरात. ते व्हर्निअरने मोजून, अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळत असेल तरच पैसे मोजा.

थ्रीडी प्रिंट करून घ्यायची असेल तर प्रिंटवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगा : पट्टी कुशीवर आडवी ठेवून छापायची. उभी छापली तर थर आकड्याला आडवे येतात आणि पहिल्याच जोरदार सुरावर आकडा थरावरून सुटतो. साहित्य एबीएस किंवा पीईटीजी. पीएलए उन्हात ठेवलेल्या गाडीतही वाकतं, कार्यक्रमांना वाद्य नेणाऱ्यांनी ते टाळावं.

प्रश्न : चॅपेलमधल्या ऑर्गनच्या पट्ट्या पावसाळ्यात अडकतात, काही खरखरतात, काही दोन-तीनदा दाबल्यावर बोलतात. स्थानिक मेकॅनिकने स्प्रे मारला, चार दिवस बरं वाटलं, मग आणखी बिघडलं. (मडगाव)

दोन वेगळे आजार आहेत. अडकण्याचं कारण फेल्ट. दमटपणाने खुंटीभोवतीचं बनात किंवा फेल्ट फुगतं आणि पट्टीची मोकळीक जाते. पट्टीचं प्लास्टिक कानसू नका, उन्हाळ्यात ती खुळखुळेल. पट्टी काढून फुगलेलं फेल्ट सपाट तोंडाच्या पकडीने दोन्ही बाजूंनी दाबून बसवा. खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल अजिबात नको. धूळ धरून त्याचा चिकटा होतो, काही प्लास्टिकला बारीक तडेही जातात. वंगण लागलंच तर टाचणीच्या डोक्याएवढं सिलिकॉन ग्रीस, फक्त खुंटीवर.

खरखर आणि न बोलणं हा कॉन्टॅक्टचा आजार. जुन्या ऑर्गनमध्ये पट्टीखालच्या बारीक तारा एका लांब धातूच्या दांडीला, म्हणजे बसबारला, टेकतात आणि त्यातून थेट स्वराचा सिग्नल जातो. हा सिग्नल व्होल्टच्या छोट्या अंशाएवढा असतो. दिव्याच्या बटणात ठिणगी पडून गंज जळून जातो, इथे तसं होत नाही. म्हणून अगदी पातळ थरही सूर अडवतो, आणि म्हणूनच चांगल्या ऑर्गनमध्ये चांदी, सोनं किंवा पॅलेडियमचे कॉन्टॅक्ट वापरले जात. चांदीवरचा काळा थर गंधकामुळे येतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या भागांवर हिरवा थर चढतो.

स्प्रेने मळ जात नाही. तो विरघळून खालच्या फेल्टमध्ये आणि पुढच्या कॉन्टॅक्टवर वाहत जातो. तुमचे चार दिवस त्यामुळेच. योग्य रीत अशी : वीज बंद, प्लग काढलेला. ड्रॉइंग पेपरची पाच मिलिमीटर रुंद पट्टी कापून ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर करायची. तार आणि बसबार यांच्यामध्ये ती सरकवून ऑर्गनची पट्टी हलकी दाबून धरायची आणि कागद ओढून काढायचा. कागदावर काळी रेघ उठेल. रेघ उठायची थांबेपर्यंत दर वेळी कोरा भाग वापरून हेच करा. शेवटी एकदा कोरड्या कागदाने. पॉलिश पेपर, कानस आणि पेन्सिलचं खोडरबर तिन्ही बाद. पहिल्या दोघांनी मुलामा उडतो. खोडरबरात भुकटी असते आणि पुष्कळदा गंधकही, ज्याने चांदी पुन्हा काळी पडते.

तार वाकलेली दिसली तर शेजारच्या तारेशी उंची जुळवा. वाकवताना तिच्या मुळाशी चिमट्याने धरून ठेवा, नाहीतर ती मुळातून तुटते. तार तुटलीच, तर त्याच ऑर्गनच्या टोकाच्या पट्टीची घ्या. नवी लावायचीच असेल तर फॉस्फर ब्राँझची पाव मिलिमीटरची चालेल, पण ती तुमच्याकडे वर्षा-दोन वर्षांत पुन्हा साफ करावी लागेल. डाग देताना २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचा नाही. तारा धरणारी प्लास्टिकची पट्टी लगेच मऊ होते आणि सगळ्या रांगेची उंची बिघडते.

साफसफाईनंतर कॅबिनेटमध्ये नारिंगी सिलिका जेलची अर्ध्या किलोची पिशवी ठेवा. हिरवी झाली की ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येते.

प्रश्न : न्यू जर्सीहून पुण्याला आणलेला हॅमंड एम-१००. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला आहे. दोन पट्ट्या खाली बसल्या आहेत, बाकीच्या खडखड वाजतात, पट्ट्यांखालून काळा चिकट चुरा पडतो. शिवाय सगळ्या ऑर्गनचा सूर तीन पट्ट्या (तीन अर्धस्वर) उतरलेला आहे. हे सगळं पट्ट्यांमुळेच का? (पुणे)

सूर उतरण्याचा पट्ट्यांशी संबंध नाही. हॅमंडमध्ये सूर फिरणाऱ्या दातेरी चकत्यांतून येतो आणि त्या चकत्या फिरवणारी मोटर विजेच्या आवर्तनांशी बांधलेली असते. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. मोटर सहातलं एक आवर्तन गमावते आणि सूर तीन अर्धस्वरांपेक्षा किंचित जास्तच उतरतो. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ नाही. साठ हर्ट्‌झची स्वच्छ साइन वेव्ह देणारा फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर घ्या. तोवर तासन्‌तास चालू ठेवू नका, साठसाठी बनवलेले ट्रान्सफॉर्मर पन्नासवर जास्त तापतात.

काळा चुरा हे मात्र गंभीर आहे. १९६०च्या दशकातल्या बऱ्याच हॅमंडमध्ये पट्ट्यांखाली फेल्टऐवजी फोम वापरला होता. तो काळाबरोबर सडून आधी चिकट आणि मग भुकटी होतो. पट्ट्यांना टेकायला काही उरत नाही, म्हणून खडखड आणि उंची बिघडणं. चिकटा पातळ तारांनाही खातो आणि चुरा कॉन्टॅक्टमध्ये अडकतो. पट्ट्या मोडण्याआधी हे काम करा, तुमच्या पट्ट्या सध्या तरी धडच दिसतात.

मॅन्युअल, म्हणजे पट्ट्यांची अख्खी ओळ, बाहेर काढून पट्ट्या एकेक करून मागच्या स्क्रूवरून सोडवा. प्रत्येकीच्या आत पेन्सिलने क्रमांक लिहा. एम-१००च्या एका मॅन्युअलला ४४ पट्ट्या असतात. फोम लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा, धातूने नाही. खाली कागद आणि बाजूला व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरायची, म्हणजे चुरा कॉन्टॅक्टमध्ये जाणार नाही. राहिलेला चिकटा आयसोप्रोपिलने निघतो. त्या जागी लोकरीचं फेल्ट लावा, पुन्हा फोम नको. जाडी ठरवायची रीत : आधी दोन टोकांच्या पट्ट्या फेल्टच्या तुकड्यांवर बसवून उंची जुळवा, त्यांच्यावर स्टीलची फूटपट्टी आडवी ठेवा आणि मग बाकीचं कापा. पट्ट्यांची उंची आणि खोली जशी ठरेल तसा कॉन्टॅक्ट लागतो. एका मिलिमीटरची चूक झाली तर काही सूर पट्टी न दाबताच बोलत राहतील.

इतकं झाल्यावरही एखादा ड्रॉबार (आवाजातला एकेक भाग कमी-जास्त करायची ओढायची दांडी) एखाद्या पट्टीला बोलला नाही तर ती पट्टी वीस-तीस वेळा भरभर दाबा. तेवढ्याने नाहीच झालं तर मॅन्युअलच्या टोकाचा बसबार सरकवायचा स्क्रू एक-दोन फेरे फिरवा. दांड्या किंचित सरकतात आणि तारांना टेकायला नवा, न झिजलेला भाग मिळतो. ही सोय कारखान्यानेच दिलेली आहे, तरी किती जण ती न वापरता कॉन्टॅक्ट खरवडत बसतात. आणि वरच्या नळ्यांतून सूर देणाऱ्या चकत्यांच्या जनरेटरला जे तेल देतात ते पट्ट्यांना देऊ नका.

प्रश्न : स्प्रिंग सैल पडलेल्या पट्ट्या वर येत नाहीत. स्प्रिंग कापून, ताणून चालेल का? (नाशिक)

ताणून महिनाभर चालेल, मग ती होती त्याहून सैल होईल. कापून वेढे कमी केले तर पट्टी शेजारच्यांपेक्षा जड होते आणि तो जोर पुन्हा मागच्या आकड्यावर जातो.

नवी करून घ्या. स्प्रिंगवाल्याला धड स्प्रिंग नमुना द्या आणि तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे आणि मोकळी लांबी लिहून द्या. जाडी मायक्रोमीटरने मोजा, फूटपट्टीने नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ०.५० ऐवजी ०.५५ मिलिमीटरची तार लावली तर स्प्रिंग जवळपास दीडपट कडक होते. तपासायला धड पट्टीच्या पुढच्या कडेवर एकाच प्रकारची नाणी एकावर एक ठेवत जा. ती खाली बसेल तेवढीच नाणी नव्या स्प्रिंगच्या पट्टीला लागायला हवीत. काळी आणि पांढरी एकमेकींशी तोलू नका, त्यांची लांबी वेगळी असते. स्प्रिंग चढवायला क्रोशाची बारीक सुई सर्वांत सोयीची, पकडीने आकडा उघडा पडतो. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

प्रश्न : १९८०च्या दशकातला घरगुती ऑर्गन, पट्ट्यांखाली रबराची पट्टी. काही सूर जोरात दाबल्याशिवाय येत नाहीत. (ठाणे)

रबराच्या फुगवट्यांखालच्या काळ्या कार्बनच्या गोळ्या आणि सर्किट बोर्ड, दोन्ही आयसोप्रोपिलने कापसाने हलके पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मल्टिमीटरने गोळीचा विद्युत रोध मोजा : काही शे ओम असेल तर ठीक, हजारांत गेली असेल तर त्या तुकड्याची जागा टोकाच्या सप्तकाशी बदला. रबर बाहेर काढताना ओढू नका. बोर्डाच्या भोकांत अडकलेल्या रबराच्या शेपट्या मागून हळूच ढकला, बसवताना त्यांना अल्कोहोल लावा म्हणजे सहज सरकतात. शेपटी तुटली तर ती पट्टी कायम तिरकी बसते.

प्रश्न : पट्टी नीट केली, कॉन्टॅक्ट साफ केला, तरी सूर नाही. (सोलापूर)

पट्टीला आता सोडा आणि त्याच नावाच्या इतर सप्तकांतल्या पट्ट्या दाबून बघा. १९६०च्या दशकातल्या ट्रान्झिस्टर ऑर्गनमध्ये, उदाहरणार्थ १९६२मध्ये आलेल्या व्हॉक्स कॉन्टिनेंटलमध्ये, बारा सुरांचे बारा स्वतंत्र जनरेटर असतात. प्रत्येक जनरेटर सर्वांत वरचा सूर तयार करतो आणि पुढे डिव्हायडर तो निम्मा-निम्मा करत खालची सप्तकं देतो. सगळ्याच पांढऱ्या चार (F) मेल्या असतील तर जनरेटरमधला मूळ सूर काढणारा भाग, म्हणजे ऑसिलेटर, गेला आहे. वरच्या बोलतात आणि एका सप्तकापासून खाली सगळ्या गप्प आहेत, तर त्या जागचा डिव्हायडर गेला. आणि फक्त एकच पट्टी गप्प आहे, पण तिच्या वरची-खालची दोन्ही बोलतात, तर दोष कॉन्टॅक्टपासून निघणाऱ्या वायरीत किंवा डाग दिलेल्या जोडात आहे. तुम्ही नुकतंच तिथे काम केलं आहे, तेव्हा तुटलेली वायर आधी शोधा.

प्रश्न : जुना कॉम्बो ऑर्गन विकत घ्यायचा आहे. पट्ट्यांचं काय तपासावं? (डोंबिवली)

वीज न लावता सुरुवात करा. पट्ट्यांच्या पुढच्या कडेला डोळा लावून एका रेषेत बघा : खाली गेलेल्या, तिरक्या पट्ट्या लगेच दिसतात. मग प्रत्येक पट्टी डावी-उजवीकडे हलवा. एखादीच हलत असेल तर तिचा आकडा किंवा टोपण गेलं आहे. सगळ्याच हलत असतील तर टोपणांचा पूर्ण संच बदलावा लागेल, तो खर्च किमतीतून वजा करा. झाकण उघडायला मालकाने नकार दिला तर व्यवहार सोडा. उघडलं तर फेल्टचा रंग, काळा चुरा आणि आधीच्या गोंदाचे डाग बघा. एका पट्टीवर अराल्डाइट दिसलं तर हरकत नाही. पाच-सहा पट्ट्यांवर दिसलं तर खालचं फेल्ट कधीच बदललेलं नाही असं समजा.

मग वीज लावा, एका वेळी एकच ड्रॉबार किंवा टॅब (आवाज निवडायचं बटण) उघडा आणि सगळ्या पट्ट्या क्रमाने दाबत जा. सगळे आवाज एकदम उघडून तपासलं तर मेलेले कॉन्टॅक्ट बाकीच्यांच्या आवाजात लपतात. न बोललेल्या पट्ट्यांची नावं प्रत्येक टॅबसमोर कागदावर लिहा आणि तो कागद पुढे ठेवूनच भाव ठरवा.